लेकीचं बाळंतपण आणि नव्वद दिवस

हिवाळा सुरू झाला की आमच्या पहूरवरून अजिंठ्याला जाणाऱ्या गाड्यांमधून गोरी पाहुणे मंडळी दिसू लागतात. जळगाव स्टेशनवर उतरायचं आणि पहूरमार्गे फर्दापूर गाठायचं, हा त्यांचा ठरलेला रस्ता. एखादी गाडी चहासाठी थांबते, एखादी फ्रेंच नाहीतर जर्मन आजी खाली उतरते, आपल्या लुगड्यांकडे कौतुकाने बघते. या आजीला आपल्या देशात यायला काय करावं लागतं? घरच्या खुर्चीत बसून संगणकावर अर्ज, एक फोटो, थोडी फी. २०१४ साली आपल्या सरकारने ही ई-व्हिसाची सोय सुरू केली, पुढे ती बहुतेक युरोपीय देशांना मिळाली. परवानगी ई-मेलवर येते. कुणी तिला विचारत नाही, की बाई, तुझ्या नावावर शेत किती, बँकेत शिल्लक किती, आणि तू परत जाशील कशावरून?

आता उलट्या दिशेचा प्रवास बघा. आमच्या गल्लीतल्या एका मावशींची लेक जर्मनीत असते. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, तेही परमुलखात, म्हणजे आईने जायलाच हवं. मावशी मला म्हणाल्या, "पासपोर्ट तं काढला बाई मी, आता तिकीट काढलं म्हंजे झालं नं?" मी म्हटलं, मावशी, खरं काम तर आता सुरू होतंय.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या पुष्कळजणींचा हा घोळ असतो. पासपोर्ट ही आपल्या सरकारने दिलेली ओळख. व्हिसा ही त्यांच्या उंबरठ्याच्या आत यायची परवानगी, आणि ती द्यायची की नाही हे ते ठरवणार. युरोपात निदान एवढं सोपं आहे की दर देशाचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या, नदीकाठच्या एका लहानशा गावात पाच देशांनी करार केला की आपापसातल्या सीमांवरची तपासणी बंद करायची. १९९५ पासून ते अमलात आलं. आज या गोतावळ्यात २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. पहूरपेक्षा लहान गाव, पण त्याचं नाव आज आपल्या व्हिसावर छापलेलं असतं!

पण युरोप म्हणजे सगळा शेंगेन नव्हे, इथे भलेभले फसतात. लंडन त्यात नाही. इंग्लंड आणि आयर्लंड वेगळे. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे 'लंडन-पॅरिस-स्वित्झर्लंड' अशी सहल असेल तर दोन व्हिसे लागतात. आणि पॅरिस बघून लंडनला गेलात, मग पुन्हा स्वित्झर्लंडला यायचं असेल, तर शेंगेनचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. एकाच प्रवेशाचा असला तर लंडनहून परत दार उघडत नाही. अर्ज कुणाकडे करायचा? जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. सगळीकडे सारखेच दिवस असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. 'अमक्या देशाचा लवकर मिळतो' म्हणून तिकडून काढायचा आणि राहायचं भलतीकडेच, असला सल्ला देणारे एजंट आहेत, त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं.

आणि आत फिरताना सीमा नाहीत म्हणून पासपोर्ट घरी ठेवून निघू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सगळ्या शेजाऱ्यांच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. रेल्वेच्या डब्यात पोलीस येऊन कागद मागतात.

मावशींना सगळ्यात जास्त लागला तो नव्वद दिवसांचा नियम. शेंगेनच्या पाहुण्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. उतरल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा. आपल्याकडे लेक सातव्या महिन्यात माहेरी येते आणि बाळ तीन महिन्यांचं करून जाते. हा हिशेब नव्वद दिवसांत बसत नाही. म्हणून परदेशातल्या मराठी घरांत एक नवीनच रीत पडली आहे: आधी तीन महिने आई, ती परतली की पुढचे तीन महिने सासू. दोन विहिणींची पाळी! विमानतळावर एक उतरते, दुसरी चढते. पूर्वी मानपानावरून रुसणाऱ्या विहिणी आता फोनवर तारखा जुळवतात, हा त्या नियमाचा एक गुणच म्हणायचा. 'चार दिवस जास्त राहिले तर कोण बघतं' असं मात्र मनात आणू नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे येण्याजाण्याची नोंद संगणकात व्हायला लागली आहे. पूर्वी अधिकारी शिक्के मोजायचा, आता यंत्र आपोआप दिवस मोजतं, आणि जास्त राहिल्याचा डाग पुढच्या अर्जाला नडतो.

आता कागदांचं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेपुढे निदान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. किमान ३० हजार युरोचा, म्हणजे साधारण तीस लाखांचा, आजारपणाचा विमा. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो फी, वर केंद्राचा सेवा आकार वेगळा. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, अगदी शेवटी म्हणजे पंधरा दिवस आधी, पण तितकं ताणू नये. बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुण्याला स्वतः जावं लागतं. ते ठसे ५९ महिने चालतात. ज्यांची बोटं कापूस वेचून, भांडी घासून झिजली आहेत, ज्यांचा अंगठा रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर उठत नाही, त्यांनी आठवडाभर आधीपासून हाताला तेल लावावं. हे मी हसण्यावारी सांगत नाही.

हे सगळं पैसे आणि धावपळ करून जमतं. खरा पेच पुढे आहे. व्हिसा अधिकाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: ही बाई परत जाईल का? त्याला पुरावा हवा असतो कागदाचा. नोकरी, पगार, आयकर विवरण, जमीन, घर, बँकेचं तीन ते सहा महिन्यांचं खातं. मावशींनी तीस वर्षं दुपारच्या उन्हात निंदणी केली, घर उभं केलं, दोन म्हशी सांभाळल्या. सातबाऱ्यावर नाव कुणाचं? काकांचं. घराचा उतारा? काकांचा. बाजार समितीच्या पट्ट्या? काकांच्या. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरण कुणाचंच नाही. मावशींच्या नावावर एक बँक खातं, त्यात गॅसची सबसिडी आलेली. परत यायची इतकी कारणं असणारी बाई पहूरमध्ये दुसरी नसेल, म्हशी कुणाच्या भरवशावर सोडणार? पण म्हशींचा कागद नसतो.

मला या नियमांचा राग येतो, हे मोकळेपणाने सांगते. ज्या देशांना आपल्या मुलीमुलांची बुद्धी हवी असते, त्यांनी त्यांच्या आयांना संशयित धरावं हे बरं नाही. पण नुसतं त्यांच्यावर बोट दाखवून भागणार नाही. तिकडच्या अधिकाऱ्याने मावशींच्या नावावर काही नाही हे लिहून काढलं, ते काही नाही आपणच केलेलं आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम काढली होती, बायकोचं नाव जमिनीला लावा म्हणून. गावोगाव सातबाऱ्यावर नावं चढली. आपल्या घरी चढलं का, हे आज तलाठ्याकडे जाऊन बघा. व्हिसा काढायचा नसला तरी बघा.

तोवर मार्ग काय? नवऱ्याचा पैसा दाखवता येतो, फक्त विवाह नोंदणीचा दाखला आणि 'खर्च मी करतो' असं त्यांचं पत्र जोडावं लागतं. लेक-जावयांचा आधार त्याहून भक्कम. जर्मनीत जावयाने आपल्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन सासूच्या राहण्याखाण्याची, दवाखान्याचीसुद्धा हमी लिहून द्यायची असते. ती कायद्याने बांधणारी हमी आहे. मूळ प्रत कुरिअरने मागवून अर्जाला लावायची. फ्रान्समध्ये असंच पत्र तिथल्या नगरपालिकेतून मिळतं. आणि अर्जाच्या आठवड्यात कुणाकडून तरी दोन लाख उसने घेऊन खात्यात भरू नका. अचानक आलेला पैसा ओळखू येतो, उलट संशय वाढतो.

दुसरी खोच नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर स्पेलिंग तिसरंच. आपल्याकडे तर लग्नात पहिलं नावही बदलायची हौस! मग एकच बाई कागदावर तीन बाया होते. मावशींना एका कचेरीत 'ही तुम्हीच कशावरून' म्हणून दोनदा परत पाठवलं. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टसाठी लग्नाच्या दाखल्याची सक्ती काढून टाकली, हे खरं. पण नावं जुळत नसतील तर तेवढ्याने भागत नाही. आधी आधार, पॅन, बँक एका नावावर आणा, गरज पडली तर शासनाच्या राजपत्रात नाव छापून घ्या, मग पासपोर्टला हात घाला. आणि नवऱ्याची सही? जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं, की पासपोर्टच्या अर्जासाठी बायकोला नवऱ्याची परवानगी किंवा सही लागत नाही.

गंमत बघा. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा पासपोर्टचा कायदाच नव्हता, तो हिंदुस्थानात १९२० साली आला. त्यांना अडवलं ते आपल्याच लोकांच्या टोमण्यांनी. आता टोमणे कमी झाले, तर कागद आडवे येतात.

नाकारला तर? २०२४ मध्ये भारतातून शेंगेनसाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले, त्यांतले १ लाख ६५ हजारांवर नाकारले गेले. जवळजवळ सातातला एक. फी परत मिळत नाही. मात्र कारण लेखी द्यावंच लागतं, ते जपून ठेवा, कारण दुसऱ्या अर्जात नेमकी तीच उणीव भरायची असते. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून नकारावर फेरविचार मागायची जुनी सोय बंद केली. आता नवीन अर्ज, नाहीतर तिकडचं कोर्ट. बाळंतपण काही कोर्टासाठी थांबत नाही, तेव्हा पहिलाच अर्ज नीट हवा. ज्यांचं जाणं एकदा नीट पार पडलं त्यांच्यासाठी एक चांगली गोष्टही आहे: एप्रिल २०२४ पासून भारतीयांना, आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे रीतसर वापरले असतील तर, दोन वर्षांचा व्हिसा देण्याचं युरोपने ठरवलं आहे, पुढे पाच वर्षांचा. नव्वद दिवसांचा नियम मात्र तिथेही सुटत नाही.

मावशींचं म्हणाल तर नावाची कामं उरकली. जावयाचं हमीपत्र आलं, काकांनी बँकेतून शिक्क्याचा उतारा आणला. ठशांसाठी मुंबईची तारीख मिळाली आहे, रात्रीच्या गाडीने दोघं जाणार आहेत. सध्या त्यांचं लक्ष डब्यांकडे आहे. बाहेरून येणाऱ्याला युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे घरच्या म्हशीचं साजूक तूप इथेच राहणार. मावशी दोन दिवस हळहळल्या. मग म्हणाल्या, डिंक, खारकेची पूड आणि अळीव घेऊन जाते, लोणी तिकडं मिळतंच की, कढवीन तिथंच.