लांब काठी आणि तरफेचा हिशेब

मागील अंकांतील तरफेवरील मजकूर वाचून एका वाचकांनीं पृच्छा केली आहे कीं, पहार जितकी लांब तितका धोंडा सहज उलथतो, तर गॉल्फची काठीहि जितकी लांब तितका चेंडू थोड्या जोरांत दूर जावयास नको काय? त्यांचे चिरंजीव हा खेळ शिकत असून अधिक लांब काठी घेण्याचा हट्ट धरून बसले आहेत. प्रश्न खर्चाचा असल्यानें उत्तर लांबणीवर टाकीत नाहीं.

टेकू कोठें आहे हें अगोदर पाहावें. पहारेचा टेकू धोंड्याजवळ आणि लांब भुजा आपल्या हाताकडे; म्हणून थोड्या जोरानें मोठा भार हालतो. मात्र हात वीतभर खालीं जावा तेव्हां धोंडा बोटभर उचलतो. गॉल्फमध्यें नेमकें उलट. उजवा खेळाडू डावा हात काठीच्या वरच्या टोकाशीं धरितो व उजवा त्याच्या खालीं. डावा झाला टेकू, उजवा लावितो जोर, आणि भार म्हणजे काठीचें डोकें, तें पार दुसऱ्या टोकास. स्वयंपाकघरांतील चिमटा याच जातीचा. दोन हातांत ४ इंच व टेकूपासून डोक्यापर्यंत ४० इंच अंतर धरिलें, तर उजवा हात १ इंच सरतांच डोकें १० इंच जातें. पण तेथें एक भाग जोर पोंचावयास हातानें दहा भाग खर्चावा लागतो. यंत्र म्हणजे श्रम वांचविणारें साधन, ही मुलांकडून घोकून घेतली जाणारी व्याख्या आम्हांस कधींच पसंत पडली नाहीं. येथें जोर देऊन वेग विकत घ्यावयाचा असतो. सुमारें ४६ ग्रॅमच्या चेंडूस वेगच हवा, कारण काठीचा स्पर्श त्यास सेकंदाचा दोनहजारावा भाग एवढाच लाभतो.

शिवाय तरफ एकच नाहीं. खांद्यापासून मनगटापर्यंत एक, व मनगटाखालीं काठी ही दुसरी. कॉक्रन व स्टॉब्स यांनीं १९६८ सालच्या आपल्या ग्रंथांत हीच उपपत्ति लाविली आहे. मनगट आरंभीं दुमडलेलें राखून शेवटीं सुटूं द्यावें. हात मंदावतात व त्यांचा वेग काठींत उतरतो, आसुडाची मूठ थबकतांच वादी कडाडते तसा. नवशिके मनगट आधींच उलगडतात आणि भरपाई दंडाच्या बळानें करूं पाहतात.

तेव्हां चिरंजीवांस सांगावें कीं लांब काठीनें जोर वाढत नाहीं, उलट अधिक मागितला जातो, आणि नेमहि ढळतो. चेंडू हळूच ढकलण्याची काठी वगळतां नियमानें कमाल लांबी ४८ इंच आहे; २०२२ पासून मोठ्या सामन्यांच्या चालकांस ती ४६ वर आणण्याची मुभा मिळाली आहे.

१९७१ सालीं ॲलन शेपर्ड यांनीं चंद्रावर चेंडू मारिले, तेव्हां त्यांच्या अवजड पोषाखामुळें काठी दोन्ही हातांनीं धरितां येईना. एका हातानें मारावें लागलें. म्हणजे दोन हातांमधली तरफच गेली. चेंडू मैलोगणती गेला असें ते विनोदानें म्हणाले. पुढें छायाचित्रांवरून मोजणी झाली, ती भरली ४० यार्ड.