हायड्रोजनची मोटार शहरात, कच्चा माल फडात

वसमत, प्रतिनिधी :
ऊसतोड आटोपली की वसमत परिसरात अनेक फडांतील पाचट पेटवून दिले जाते. पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या चुलीत जातात, नाही तर बांधावर जळतात. या धुराचा आणि पुण्यात तयार झालेल्या धूरविरहित मोटारीचा संबंध वरवर दिसत नाही. पण तो आहे.

‘सीएसआयआर’ आणि ‘केपीआयटी’ यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये देशी बनावटीच्या फ्युएल सेलवर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा त्यात मोठा वाटा होता. साधी पाच आसनी मोटार, १० किलोवॉटचा सेल आणि सुमारे ३५० बार दाबाने भरलेला पावणेदोन किलो हायड्रोजन. एवढ्यात २५० किलोमीटर जाता येईल, असा अंदाज मांडण्यात आला. सेलमध्ये हायड्रोजन व हवेतील प्राणवायू यांच्या संयोगातून वीज निर्माण होते आणि मागे केवळ पाणी उरते.

चित्र मोहक आहे, हिशेब तेवढा नाही. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळविण्यास ५० ते ५५ युनिट वीज लागते. म्हणजे या २५० किलोमीटरना नव्वदच्या आसपास युनिट खर्ची पडतात. बॅटरीवरील छोटी मोटार तेवढेच अंतर याच्या निम्म्याहून कमी विजेत कापते. शिवाय ती घरच्या प्लगवर चार्ज होते. हायड्रोजनला उच्च दाबाचा पंप हवा. शहरातल्या रोजच्या फेऱ्यांसाठी, म्हणूनच, ही मोटार महागडी हौस ठरते. अवजड, लांब पल्ल्याच्या वाहनांचे गणित निराळे आहे. याच दोन संस्थांनी ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात बस सादर केली, ती त्यामुळेच.

जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद झाली. राज्याचे धोरणही त्याच वर्षी आले. मात्र वसमतच्या दृष्टीने महत्त्वाची घडामोड २०२१ची. केपीआयटीच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘सेंटिएंट लॅब्ज’ने आघारकर संशोधन संस्थेच्या साह्याने पिकांच्या अवशेषांपासून हायड्रोजन मिळविण्याची प्रक्रिया जाहीर केली.

पाचट हलके आणि पसरट. ते पुण्यापर्यंत वाहून नेल्यास भाडेच मालाहून जड होईल. प्रकल्प पूर्णा साखर कारखान्यासारख्या ठिकाणालगत उभा राहिला, तरच शेतकऱ्याच्या हाती काही पडेल. त्यातही गुरांच्या वैरणीचा आणि जमिनीत कुजवायच्या पाचटाचा वाटा आधी बाजूला काढावा लागेल.