मिठाची बॅटरी आणि गटाची पेटी

मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हापासून बायकांच्या गप्पांत इन्व्हर्टर, बॅटरी हे शब्द रुळलेत. परवा बचत गटाच्या बैठकीत एकीने नवंच काढलं, "ताई, आता मिठातल्या सोडियमची बॅटरी येता हा. आत्ताच पैसे घालूया, मगे शेअर महाग होतले!"

गंमत वाटली. १९३० च्या सत्याग्रहाची शिरोड्याची मिठागरं आपल्याच जिल्ह्यातली ना! आणि बातमी खोटी नाही. पुण्याच्या केपीआयटीने डिसेंबर २०२३ मध्ये असं तंत्रज्ञान दाखवलं. पण त्याच वर्षी लिथियमचे भाव कोसळले आणि स्वस्त सोडियमचं गणित अवघड झालं. अमेरिकेतली नॅट्रॉन तर पुरेसं भांडवल न मिळाल्याने २०२५ मध्ये बंदच पडली. रिलायन्सने १० कोटी पौंड मोल धरून ब्रिटनची फॅराडियन घेतली, पण त्यांचं बुडालं तरी घरची चूल पेटते हो! आमच्या पेटीत मासळी विकून बाजूला काढलेले पन्नास-शंभर रुपये असतात. त्यातूनच कुणाच्या मुलीची फी, कुणाच्या जाळ्याची दुरुस्ती.

मी स्पष्ट सांगितलं, "स्वतःचे, बुडाले तरी चालतील एवढेच घाल. गटाच्या पैशाला हात लावायचा नाही." ती रुसली. पुढच्या बैठकीत पुन्हा विषय काढणार म्हणते. काढू दे.