सर्व्हिस चार्ज देणे ही सक्ती नव्हे

संपादक महाशय,

हॉटेलच्या बिलातला सर्व्हिस चार्ज नाकारणे असभ्यपणाचे आहे, हे आपल्या वाचकाने पत्रात मांडलेले मत पटले नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच तो परस्पर लावण्यास मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. तेव्हा तो काढायला सांगणे हा हक्कच. ऐकले नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करावी.

पत्रलेखकाचा दुसरा, ग्राहकांच्या वागणुकीचा मुद्दा मात्र रास्त आहे. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना चिपळुणात थांबणारे काही जण वेटरवर खेकसतात, जेवण उरकल्यावरही टेबल अडवतात. तो हक्क नव्हे, उर्मटपणा. वेटरला टीप खुशीने द्यावी; पगार देणे मालकाचे काम.

– एक वाचक, चिपळूण