साहेबांच्या घरातला पडदा

यासुजिरो ओझू म्हटलं की बहुतेकांना १९५३चा ‘टोकियो स्टोरी’ आठवतो. १९३२चा ‘आय वॉज बॉर्न, बट...’ हा त्याचा मूकपट मात्र पोरांच्या खोड्यांची गंमत किंवा पुढच्या मोठ्या कामाची तालीम म्हणून ओळखला जातो. हा त्याच्यावर अन्याय आहे. घरातली माया आणि बाहेरची उतरंड यांचा पेच ओझूने इतक्या निर्भीडपणे पुन्हा क्वचितच मांडला.

योशी हा कारकून टोकियोच्या उपनगरात, साहेबांच्या शेजारात बिऱ्हाड हलवतो. त्याचे दोन मुलगे हळूहळू तिथल्या पोरांवर हुकमत बसवतात. त्यांच्या खेळात हाताची खूण झाली की समोरच्याने मेल्यासारखं जमिनीवर पडायचं आणि पुन्हा खूण होईपर्यंत उठायचं नाही. साहेबांचा मुलगा तारोसुद्धा निमूट पडतो. मग एका संध्याकाळी साहेबांकडे घरगुती चित्रफीत लागते आणि पडद्यावर योशी साहेबांना खूश करायला वेडीवाकडी तोंडं करताना दिसतो. सगळे हसतात, त्याची मुलं गप्प होतात. घरी जाब विचारल्यावर वडील सांगतात, साहेब पगार देतात. मग घेऊ नका पगार, असं थोरला सुनावतो. यावर बापाकडे उत्तर नाही, म्हणून हात उठतो.

यावर एक आक्षेप रास्त वाटतो. मार खाल्लेली मुलं रागाने उपोषण धरतात, पण दुसऱ्या दिवशी ते सुटतं आणि रेल्वे फाटकापाशी साहेबांची मोटार दिसताच तीच वडिलांना नमस्कार करायला पाठवतात. मग हा चित्रपट शरणागतीच शिकवत नाही का? पण तो खुणेचा खेळ आठवावा. मुलांचा राग विषमतेवर नव्हताच, आपले वडील खालच्या पायरीवर सापडले यावर होता. मनगटाच्या जोरावर तीही उतरंडच चालवत होती. शाळेतल्या बाकांवरून सरकणारा कॅमेरा थेट कचेरीत, जांभया देणाऱ्या कारकुनांच्या टेबलांवरून सरकू लागतो, तेव्हा ही मुलं कुठे निघाली आहेत ते दिसतंच. आणि बापाला ते ठाऊक आहे. झोपलेल्या मुलांपाशी बसून, माझ्यासारखे लाळघोटे होऊ नका, असं तो पुटपुटतो. ज्या तडजोडीची तडजोड करणाऱ्यालाच लाज वाटते, तिचा गौरव इथे कुठे आहे?

‘किनेमा जुन्पो’ या नियतकालिकाने त्या वर्षी याला पहिला क्रमांक दिला. १९५९मध्ये ओझूने हाच धागा ‘ओहायो’त पुन्हा घेतला. तिथे मुलांचा अबोला टीव्हीसाठी असतो आणि टीव्ही घरात आला की तो संपतो. तो चित्रपट गोड आहे, पण योशीच्या मुलांना हवं होतं ते कुठल्या दुकानात मिळत नव्हतं.