कानातली संहिता कुणाची?

मराठीच्या अध्यापकांनी मज्जातंतूंशी जोडल्या जाणाऱ्या यंत्रांविषयी बोलावे, ही अनेकांना अनधिकार चेष्टा वाटेल. ‘तुम्ही संहिता वाचा, शस्त्रक्रिया डॉक्टरांवर सोडा’, असे आम्हांला आमच्याच स्टाफरूममध्ये सुनावले गेले आहे. आमचे उत्तर एवढेच की, येथे प्रश्न संहितेचाच आहे.

कॉक्लिअर इम्प्लांटचे उदाहरण घ्या. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, त्याची निरनिराळ्या वारंवारितांत फोड करतो. मग त्वचेखालचा भाग ते संकेत घेतो आणि कर्णशंखात सरकवलेले इलेक्ट्रोड श्रवणतंतूला उद्दीपित करतात. कोणता ध्वनी ठेवायचा, कोणता गाळायचा, हे ठरवते ती आज्ञावली. म्हणजे मूल जे ऐकते ते अगोदरच कुणीतरी संपादित केलेले असते. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून 2014 पासून गरीब घरांतील लहान मुलांना हे यंत्र मिळू लागले. मुंबईची अली यावर जंग संस्था त्याचे समन्वयन करते. हे स्वागतार्हच आहे. परंतु ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांतला फरक आपण विसरतो. यंत्र मुलाच्या डोक्यात, पण आज्ञावली कंपनीच्या तिजोरीत. वॉरंटी काही वर्षांची, कान मात्र जन्मभराचा. उद्या ते मॉडेलच बंद झाले तर लाखनी-साकोलीकडच्या धानउत्पादकाने कुणाच्या दारात उभे राहायचे?

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेतील सेकंड साइट या कंपनीने अंधांसाठी 60 इलेक्ट्रोडांचे ‘आर्गस 2’ हे दृष्टिपटलावरील यंत्र तयार केले. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांत ही कंपनीची यंत्रे बसवली गेली. 2019 मध्ये कंपनीने ‘आर्गस 2’पासून अंग काढून घेतले, 2020 मध्ये बहुतेक कर्मचारी कमी केले, आणि डोळ्यांतली यंत्रे बेवारस झाली. दुरुस्ती जाणणारे लोक पांगले होते, आराखडे दुसऱ्या कुणाकडे नव्हते.

यावर आक्षेप येतो : शरीरातल्या यंत्राची संहिता खुली केली, तर कोणीही तीत ढवळाढवळ करील. हा आक्षेप वाचणे आणि खोडणे यांत गल्लत करतो. ग्रंथ सर्वांना वाचता आला म्हणून प्रत्येकाला त्याची प्रत बदलून छापता येत नाही. पाठचिकित्सा मात्र करता येते, आणि चूक सापडते ती तिच्यामुळेच. मानवी चाचण्या, परवाने, डॉक्टरांची जबाबदारी यांतले काहीही आम्हांला सैल करायचे नाही. डॅलस येथील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉक्लिअर इम्प्लांटसाठी ‘सीसीआय-मोबाइल’ हा खुला संशोधन-प्रोसेसर तयार केला आहे. मार्ग आहे, वाटसरू हवेत.

मात्र नुसते खुले करून भागत नाही, हे भंडारा जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. कोहळी समाजाने बांधलेले आपले तलाव गावाने राखले तोवर टिकले. मालगुजारी 1951 मध्ये गेली, तलाव सरकारी झाले, त्यांना ‘मामा तलाव’ हे लाडके नाव मिळाले आणि अनेकांत गाळ साचला. सर्वांचे ते कुणाचेच नाही, अशी गत झाली. खुली संहिताही राखणारा समाज नसेल तर अशीच गाळाने भरेल. म्हणून आम्ही समुदायाची गोष्ट करतो : श्रवणतज्ज्ञ, अभियंते, पालक, स्वतः यंत्र वापरणारे, आणि भाषेचे अभ्यासकसुद्धा.

भाषेचे अभ्यासक कशाला? झाडीबोलीमुळे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ज्या बोलीचा व्यासंग केला, तीत ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्या जागी सामान्यतः ‘र’ आणि ‘न’ येतात. इम्प्लांट बसवलेले मूल ‘डोळा’ ऐकून ‘डोरा’ म्हणाले, तर दोष यंत्राचा की ते घरचेच बोलणे? प्रमाण मराठीची शब्दयादी हातात घेऊन बसलेल्या तपासनिसाला हे कळणार नाही. तो निरोगी ऐकण्याला बिघाड म्हणेल, किंवा खरा बिघाड बोलीच्या नावावर खपवील. यांतली कोणतीही चूक मुलाच्या भाषा शिकण्याच्या मोलाच्या वर्षांतून वजा होते.

तेव्हा आमच्या मागण्या दोन. सार्वजनिक पैशातून यंत्रे घेताना जोडणीचे आराखडे आणि आज्ञावली सरकारी संस्थेकडे ठेवण्याची अट घालावी. कंपनीने पाठ फिरवताच त्या खुल्या व्हाव्यात. ही मागणी सरकारकडे. दुसरी आपल्याकडे : मराठी विभागांनी श्रवणतज्ज्ञांच्या मदतीने झाडीबोलीच्या, वऱ्हाडीच्या, मालवणीच्या शब्दयाद्या ध्वनिमुद्रणांसह तयार कराव्यात आणि कुणालाही वापरू द्याव्यात. एम. ए.च्या प्रकल्पांत दरवर्षी तेच ते ‘एक अभ्यास’ लिहून घेण्यापेक्षा हे काम अवघड आहे. पण त्याचा वाचक परीक्षक नसेल, चार वर्षांचे एक मूल असेल.