आधी वाट कुणाला?

‘नेटला स्पीड भरपूर, तरी डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलताना आवाज तुटतो,’ ही तक्रार मी बेळगावात बऱ्याच घरांतून ऐकतो. फाईल दोन मिनिटे उशिरा आली तर बिघडत नाही. पण बोलणे १५० मिलिसेकंदांत पलीकडे पोहोचावे, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. म्हणून जाळे आखताना मी आधी विचारतो, कोणते काम थांबू शकते? १९९८ साली ठरलेल्या ‘डिफसर्व्ह’ पद्धतीत माहितीच्या प्रत्येक पॅकेटवर प्राधान्याची खूण करता येते; तशी सोय असलेला राउटर ती पाहून आवाजाला आधी वाट देतो. घराबाहेर कंपनी ही खूण मानेलच असे नाही, पण घरातली कोंडी सुटते. बॅकअप रात्रीवर ढकलावा. जास्त स्पीडचे पैसे भरण्याआधी एवढे करून पाहा. आजारी माणसाचे बोलणे अर्ध्यावर तुटू नये.